हक्क आहे म्हणून लायकी आहे, असे नव्हे

एखाद्याला काही मिळाले की ते त्याला मिळणे न्याय्य होते का, यावर लगेच वाद रंगतो, आणि त्या वादात दोन निराळे प्रश्न हमखास एकाच दमात विचारले जातात. नियमाप्रमाणे ते त्याचे होते का, हा पहिला, हक्काचा. त्याने ते आपल्या वागण्याने कमावले होते का, हा दुसरा, लायकीचा. ॲडलेडच्या फ्लिंडर्स विद्यापीठातील सामाजिक मानसशास्त्रज्ञ नॉर्मन फेदर यांनी मूल्ये, प्रेरणा आणि न्याय यांच्या संशोधनात दीर्घ काळ घालवला आणि २००३ मध्ये नेमक्या याच फरकावर स्वतंत्र शोधनिबंध लिहिला. तरीही चर्चेत एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या माथी मारण्याची सवय काही सुटत नाही.

हक्क कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मृत्युपत्र, करार, सेवानियम, रांगेतला क्रमांक किंवा सर्वमान्य रूढी अशी एखादी बाहेरची चौकट असते. तिच्यात माणूस बसला की विषय संपला. आळशी मुलालाही वडिलांची मिळकत मिळते, आणि त्यात कायद्याला काही गैर वाटत नाही.

खरी अडचण लायकीपाशी येते, कारण लायकी म्हणजे मेहनत असे बहुतेकांनी ठरवून टाकलेले असते. फेदर यांची मांडणी याहून बारीक आहे. पाहणारा माणूस आधी कृतीला चांगली किंवा वाईट ठरवतो, मग तिच्या फळाला चांगले किंवा वाईट ठरवतो, आणि ती कृती त्या माणसाने स्वतःच्या जबाबदारीवर केली आहे असे त्याला वाटत असेल, तर तो या दोहोंचा मेळ पाहतो. चांगल्या कृतीला चांगले फळ आणि वाईट कृतीला वाईट फळ मिळाले की ‘हे त्याला साजेसे झाले’ असे मन म्हणते. जोडी उलटसुलट झाली की तेच मन खट्टू होते. मनाला विसंगती सलते, हा मानसशास्त्रज्ञ फ्रिट्झ हायडर यांच्या संतुलन-सिद्धान्तातला विचार येथे पायाशी आहे. जबाबदारीची अट काढली, तर ही मांडणीच कोसळते: दबावाखाली किंवा आजारपणात घडलेल्या वर्तनाला आपण सहसा तेवढा दोष देत नाही.

आता कृती चांगली की वाईट हे ठरते कशावरून? पाहणाऱ्याच्या मूल्यांवरून. माझ्या मते हाच या संशोधनाचा गाभा आहे आणि नेमका तोच वगळून लोक पुढे जातात. शिस्त आणि आज्ञापालन ज्याला सर्वांत मोठे वाटते आणि ज्याला स्वातंत्र्य मोठे वाटते, अशा दोघांना आंदोलकाला झालेली एकच शिक्षा सारखीच रास्त वाटेल असे धरून चालता येत नाही. फेदर यांनी १९९६ मध्ये गुन्हा आणि शिक्षा यांवरील प्रतिक्रिया तपासल्या, तेव्हा मूल्यांसोबत अधिकारशाही वृत्ती (सत्तेपुढे झुकण्याची आणि नियम मोडणाऱ्याशी कठोर होण्याची ओढ), गुन्ह्याचे वाटणारे गांभीर्य आणि आरोपीची वाटणारी जबाबदारी हेही एकत्र पाहिले, ते उगाच नव्हे. त्यामुळे ‘वस्तुनिष्ठ लायकी’ असा शब्दप्रयोग कोणी केला की मी वाचणे थांबवतो.

महाराष्ट्रातील जुन्या पेन्शनचा वाद या कसोटीवर घासून पाहावा. राज्य सरकारने १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांना जुन्या योजनेतून वगळले. त्याआधी आणि त्यानंतर रुजू झालेले दोन लिपिक शेजारच्या टेबलांवर तेच काम करतात. कामाच्या मोजमापाने दोघांची लायकी सारखी, मात्र हक्क तारखेने वेगळा केलेला. जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचाऱ्यांनी मार्च २०२३ मध्ये केलेल्या संपाच्या काळात ‘हे काम काय करतात की यांना पेन्शन हवी?’ असे विचारले जात होते. तो लायकीचा प्रश्न होता. त्याला ‘नियमाने मिळायलाच हवी’ हे उत्तर देणारे हक्काचे बोलत होते. दोन्ही बाजू तावातावाने बोलल्या, पण परस्परांना उद्देशून नव्हे. याउलट १ नोव्हेंबर २००५ पूर्वी जाहिरात निघाली, पण नेमणूक त्यानंतर झाली, अशा कर्मचाऱ्यांचे म्हणणे पूर्णपणे हक्काच्या भाषेत होते, म्हणून ते नेमके होते. त्यांना २०२४ मध्ये जुन्या योजनेचा पर्याय मिळाला.

शंका आली तर एक युक्ती वापरावी. नियम तसाच ठेवून माणसाचे वागणे मनात बदलून पाहावे; आपले मत बदलले, तर आपण लायकीबद्दल बोलत होतो. वागणे तसेच ठेवून नियम बदलावा. आता मत बदलले, तर हक्काबद्दल. दोन्ही वेळा बदलले, तर दोन स्वतंत्र वाक्ये लिहावीत.

लाडावलेल्या माणसाच्या ‘मला सगळे मिळायलाच हवे’ या वृत्तीला हक्काची भावना म्हणतात. तो स्वभावाचा विषय आहे, येथे त्याची गल्लत नको.

फेदर आणि शेरमन यांच्या २००२ च्या अभ्यासात फारसे कष्ट न घेता उत्तम गुण मिळवणारा विद्यार्थी आणि कष्ट करून तसे गुण मिळवणारा विद्यार्थी, असे दोन प्रसंग लोकांपुढे ठेवले होते. पहिल्याचे यश कमी लायकीचे वाटले, त्याच्याबद्दल रोष अधिक होता, आणि पुढे तो अपयशी ठरल्यावर होणाऱ्या आनंदाशी मत्सरापेक्षा या रोषाचेच नाते दिसले. परीक्षेच्या नियमांनी पाहिले, तर त्याचे गुण पूर्णपणे त्याचेच होते.