आधी कागद, मग माणसं: रिक्वायरमेंट प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

स्टेकहोल्डरशी, म्हणजे प्रोजेक्टशी संबंध असलेल्या माणसांशी, बोलून प्रोजेक्टच्या गरजा (रिक्वायरमेंट) काढून घेणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते शिकवावं लागतं, हे सॉफ्टवेअर क्षेत्राला उशिरा पटलं. १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश इथे नाटोच्या परिषदेत रखडणाऱ्या, खर्च हाताबाहेर जाणाऱ्या प्रकल्पांची चिंता उघडपणे मांडली गेली. १९७० मध्ये अमेरिकन संगणकतज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांनी एका निबंधात सॉफ्टवेअरच्या कामाच्या टप्प्यांची आकृती काढली. तिच्यात रिक्वायरमेंट सगळ्यात वर होत्या. एकदाच ठरवून सरळ खाली उतरत जाणं धोक्याचं आहे आणि ग्राहकाला मधल्या टप्प्यांवरही सामील करून घ्या, हे त्यांनी त्याच निबंधात बजावलं होतं. उद्योगाने आकृती उचलली, इशारा मागे राहिला.

त्यामुळे प्रशिक्षणही कागदाभोवती फिरत राहिलं. १९८४ मध्ये आयट्रिपलई (IEEE) या अभियंत्यांच्या संस्थेने रिक्वायरमेंट डॉक्युमेंट कसं असावं याचं मानक, ‘८३०’, आणलं. संदिग्ध वाक्य टाळा, प्रत्येक गरज तपासता येईल अशी लिहा, ही शिस्त मोलाचीच होती. पण समोरच्याला काय विचारायचं, हे ज्याचं त्याने शिकायचं.

माणसांकडे पाहणारा प्रवाह समांतर चालूच होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत संगणकतज्ज्ञ क्रिस्टन न्यूगार्ड यांनी लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेसोबत काम केलं. ज्यांच्या हातात यंत्रणा येणार, त्यांचा ती ठरवण्यात वाटा हवा, ही भूमिका तिथे रुजली. त्याच दशकाच्या अखेरीस आयबीएममध्ये जॅड (जॉइंट अॅप्लिकेशन डिझाइन) कार्यशाळा सुरू झाल्या: वापरणारे आणि बनवणारे एका खोलीत, आणि चर्चा चालवायला तटस्थ व्यक्ती. प्रश्न विचारणं हे शिकण्याजोगं काम आहे, याची ही पहिली ठोस कबुली, असं मला वाटतं.

ऑक्टोबर १९९२ मध्ये लंडनच्या रुग्णवाहिका सेवेची नवी संगणक यंत्रणा काही दिवसांतच कोलमडली. ती रोज वापरणाऱ्यांना घडणीत पुरेसं सामील केलं नव्हतं, हे चौकशीत पुढे आलं. १९९३ मध्ये रिक्वायरमेंट या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिथे संगणकशास्त्रज्ञ जोसेफ गोगन आणि भाषाशास्त्रज्ञ शार्लट लिंडे यांनी अडचणीच्या मुळावर बोट ठेवलं: माणसाला जे येतं, ते सगळं त्याला सांगता येत नाही. क्लार्कला विचारलं तर उत्तर मिळतं, ‘फॉर्म आला की एन्ट्री करते.’ शेजारी तासभर बसलं की दिसतं, ती आधी फॉर्म उलटून मागची पेन्सिलची खूण पाहते, एखादा बाजूला काढते, फोन करून खात्री करते आणि मगच कीबोर्डला हात लावते. मुलाखतीत यातलं काहीच आलेलं नसतं.

छोट्या टप्प्यांत, ग्राहकाशी सतत बोलत सॉफ्टवेअर बनवा असं सांगणाऱ्या २००१ च्या अजाइल जाहीरनाम्यानंतर जाडजूड डॉक्युमेंटचा आग्रह ओसरला, संवाद वारंवार होऊ लागला. २००३ मध्ये आयआयबीए (IIBA) आणि २००६ मध्ये आयरेब (IREB) या प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था स्थापन झाल्या. बिझनेस अॅनालिस्टला, म्हणजे गरजा समजून घेऊन मांडणाऱ्याला, प्रमाणपत्राची वाट मिळाली. प्रकल्प व्यवस्थापकांची संस्था पीएमआय (PMI) हिनेही आपल्या मार्गदर्शक पुस्तकाच्या २००८ च्या आवृत्तीत गरजा गोळा करणं ही स्वतंत्र प्रक्रिया मानली. हे व्हायलाच हवं होतं. मात्र या परीक्षा प्रामुख्याने बहुपर्यायी, म्हणून अनेक कोर्स पुन्हा व्याख्यांकडे झुकतात. ‘रिपोर्ट लवकर हवा’ असं ऐकल्यावर ‘तो हातात आला की तुम्ही पहिलं काय करता?’ असं विचारायचा सराव वर्गात, समोर माणूस बसवूनच करून घ्यावा लागतो.