चकाकी जायच्या आत

‘एवढे पैसे घेतले आणि नुसतं सिमेंट भरलं!’ गेल्या महिन्यात दातांच्या दवाखान्यातून बाहेर पडल्यापासून मावशीची कुरकुर सुरू आहे. तिच्या हिशेबात चांदी भरणं म्हणजे खरं काम, दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट म्हणजे श्रीमंती काम आणि सिमेंट म्हणजे डागडुजी. त्यात डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं, की खड्ड्याच्या तळाचा मऊ थर मुद्दाम ठेवलाय. ‘म्हणजे कीड आतच, वर झाकण!’

मी सोबत होतो, आणि मला त्या सिमेंटचं भारी कौतुक आहे. कॉम्पोझिट काय, चांदी काय, खड्ड्यात बसून आपलं काम करतात. हे सिमेंट, नाव ग्लास आयोनोमर, दाताशी देवघेव करतं.

आधी किडीचं बघू. दातात किडा नसतो. काटेरिंगणीच्या बियांची धुरी देऊन वाटीभर पाण्यात ‘दातातले किडे’ पाडून दाखवणारे अजून भेटतात. ते किडे म्हणजे तापून फुटलेल्या बियांतले पांढरे अंकुर. खुरासानी ओव्याच्या बिया जाळून हाच खेळ युरोपात चालायचा, आणि इंग्लंडातल्या जॉन जेरार्ड या वनस्पतींच्या अभ्यासकाने १५९७ सालीच त्याची लबाडी उघड केली होती.

खरा प्रकार स्वयंपाकघरातल्या ओट्यावर दिसतो. कडप्प्यावर लिंबाचा रस सांडून राहिला की पांढरट डाग पडतो, कारण आम्ल दगडातलं कॅल्शियम विरघळवतं. तोंडातले जिवाणू साखर खाऊन आम्ल सोडतात. पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताचं खनिज विरघळू लागतं. वरच्या एनॅमलमध्ये वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं, पण जिवंत पेशी एकही नाही, त्यामुळे पडलेला खड्डा ते स्वतः भरू शकत नाही. खालच्या डेंटिनमध्ये खनिज साधारण ७० टक्के, बाकी मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचे धागे आणि पाणी.

किडलेल्या डेंटिनचे दोन थर असतात. वरचा पार कुजलेला, जिवाणूंनी भरलेला. तो चमच्यासारख्या हत्याराने खरवडून निघतो. खालचा मऊ पडलेला असला तरी त्यातलं कोलॅजेनचं जाळं शाबूत असतं, फक्त खनिज गळून गेलेलं असतं. स्लॅबचं काँक्रीट झडलंय, पण सळ्या धड आहेत, असं समजा. पूर्वी कडक भाग लागेपर्यंत सगळं कोरायचे, आणि खोल खड्ड्यात कोरता कोरता नसेपर्यंत पोचायचे. आता हा खालचा थर ठेवतात. प्रश्न इतकाच, की त्याला खनिज देणार कोण?

तिथे ग्लास आयोनोमर येतं. लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत विल्सन आणि केंट यांनी ते तयार केलं, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला जाहीर केलं. त्याआधीच्या सिलिकेट सिमेंटात काचेची पूड फॉस्फोरिक आम्लात कालवत. या दोघांनी पूड बदलली आणि आम्ल घेतलं पॉलिअ‍ॅक्रिलिक: लांबच लांब साखळी, आणि तिच्यावर ओळीने लटकलेले कार्बॉक्सिल गट. जणू हजार हातांचं आम्ल.

सहायिकेने कागदी पॅडवर चमचाभर पूड आणि थेंबभर द्रव घेऊन प्लॅस्टिकच्या पट्टीने अर्ध्या मिनिटात घोटलं. लोण्यासारखा चकचकीत गोळा. डॉक्टर म्हणाले, ‘चकाकी आहे तोवर दे.’ त्या चार शब्दांत सगळं रसायनशास्त्र आहे. चकाकी आहे म्हणजे आम्लाचे पुष्कळ हात अजून मोकळे आहेत. गोळा मंद पडला की ते आपसांत गुंतले, दाताला धरायला कोणी उरलं नाही.

मोकळे हात दोन्हीकडे काम करतात. काचेच्या कणांवरून ते कॅल्शियम खेचून घेतात आणि त्याच्या आधाराने शेजारच्या साखळ्या जोडल्या जातात. मिश्रण काही मिनिटांत घट्ट होतं. अ‍ॅल्युमिनियम सावकाश येतं, पण त्याचा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, त्रिभारित असल्याने वीण पक्की होते, आणि हे काम दिवसभर, पुढेही चालू राहतं. म्हणूनच वर व्हॅसलीन फासतात. सुरुवातीलाच पाणी लागलं तर हे आयन वाहून जातात. दुसरीकडे तेच हात दातातल्या कॅल्शियमला धरतात आणि सांध्यात दोघांच्या आयनांचा एक मिश्र थर तयार होतो. हे सिमेंट उपटायचा प्रयत्न केला तर बहुधा सिमेंटच मधून तुटतं, सांधा नाही.

या गडबडीत काचेतलं फ्लोराइड सुटं होतं. विणीत त्याला काम नसल्याने ते निघून गेलं तरी सिमेंट कमजोर होत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत ते भरपूर झिरपतं, मग थोडं थोडं. दाताचं खनिज म्हणजे अ‍ॅपेटाइट, त्याच्या स्फटिकात हायड्रॉक्सिल गटाच्या जागी फ्लोराइड बसलं की तो स्फटिक पीएच ४.५ च्या आसपासपर्यंत तग धरतो.

हे खरंच आत जातं कशावरून? काही सिमेंटांच्या काचेत कॅल्शियमऐवजी स्ट्रॉन्शियम असतं, जे दातात एरवी नाममात्र असतं. अशा सिमेंटाखालचा मऊ थर तपासला तेव्हा स्ट्रॉन्शियम आणि फ्लोराइड त्यात खोलवर शिरलेले सापडले. चोराच्या बुटाला लागलेली माती म्हणा ना.

म्हणून हल्ली डब्यावर ‘बायोअ‍ॅक्टिव्ह’ छापलं की दात नवा उगवतो, असं मात्र समजू नये. खनिज परत येतं. गेलेला आकार येत नाही, मेलेली नस तर नाहीच. शिवाय हे सिमेंट ठिसूळ. दाढेच्या मोठ्या खड्ड्यात पुष्कळदा खाली हे आणि वर कॉम्पोझिट असं सँडविच करतात. नस अगदी जवळ असेल तर कॅल्शियम सिलिकेटचं सिमेंट, म्हणजे बांधकामाच्या पोर्टलँड सिमेंटचा शुद्ध चुलतभाऊ, नसेच्या पेशींकडून नवं डेंटिन घडवून घेऊ शकतं. तो वेगळा लेख होईल. पण वीज नसलेल्या गावांत नुसत्या हाताच्या हत्यारांनी दात वाचवायची पद्धत ऐंशीच्या दशकात टांझानियात सुरू झाली, ती पुढे रुजली या हिणवलेल्या ग्लास आयोनोमरच्या जोरावर.

त्याची एक खुबी मावशीला सांगून पाहिली. झिरपून गेलेलं फ्लोराइड ते टूथपेस्टमधून थोडंफार परत घेतं. ती म्हणाली, ‘मी राखुंडीच लावते, चाळीस वर्षं.’ राखुंडीत फ्लोराइड कुठलं! तेव्हा त्या बाबतीत तिचं सिमेंट सध्या उपाशीच आहे.