लंगोट-पुरळ
लंगोट, दुपटे किंवा डायपर यांखाली झाकलेल्या त्वचेचा दाह. बहुधा ९ ते १२ महिन्यांच्या सुमारास अधिक आढळतो. दुडुदुडु धावू लागलेल्या मुलांतही तो पुन्हा पुन्हा उद्‌भवतो.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांत (किरकोळ व्याधींत) ‘अहिपूतन’ येतो. शी-शू न धुतल्याने व घामाने कंड सुटते, खाजवल्याने फोड व स्राव होतो, पुढे व्रण एकमेकांत मिसळतात, असे वर्णन आहे. अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात मातृकादोष, पृष्ठारु, गुदकुट्ट अशी इतर नावेही दिली आहेत. त्यांतच ‘अनामिक’ हेही एक नाव आहे, हे गमतीचे. सुश्रुतसंहितेचा काळ वादग्रस्त असून उपलब्ध पाठ एकाच हातचा नाही. वर्णनाचा रोख गुदाभोवतीच्या व्रणांवर असल्याने अहिपूतन म्हणजे आजचे लंगोट-पुरळच, असे सरसकट म्हणण्यापेक्षा त्याची चिघळलेली अवस्था मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

आधुनिक वैद्यकात वाद कारणाचा. १९२१ मध्ये कुक यांनी लघवीतील यूरियापासून अमोनिया बनवणाऱ्या जीवाणूला दोष दिला आणि ‘अमोनियाचा दाह’ ही कल्पना रूढ झाली. दुपट्याला येणारा उग्र वास पाहता ती पटणारीही होती. परंतु १९७७ मध्ये लेडन, क्लिगमन व सहकाऱ्यांना पुरळ असलेल्या आणि नसलेल्या बाळांत अमोनियाच्या प्रमाणाचा ठळक फरक आढळला नाही. अमोनिया सोललेल्या त्वचेला झोंबतो, अखंड त्वचेला सहसा नाही. १९८६ मधील बर्ग व सहकाऱ्यांच्या प्रयोगांनी वेगळा दुवा पुढे आणला : विष्ठेतील यूरिएज हे एंझाइम लघवीतील यूरिया फोडते, सामू (आम्ल-अल्कतेचे माप) वाढतो आणि त्यामुळे विष्ठेतीलच प्रोटीएज व लायपेज ही प्रथिने व मेद फोडणारी एंझाइमे त्वचेवर अधिक जोमाने काम करतात. ओल आणि घर्षण यांनी त्वचा आधीच हळवी झालेली असते. अंगावर पिणाऱ्या बाळांच्या विष्ठेचा सामू कमी असतो. त्यांना त्रास कमी का, याचा उलगडाही या मताने होतो. अमोनियाचा वाटा अर्थात पूर्णपणे नाकारता येत नाही.

साधा दाह उंचवट्यांवर, म्हणजे कुल्ले व मांड्यांवर दिसतो. जांघेच्या घड्या त्यातून वाचतात. घड्यांतही गडद लाली, कडेला सुटे बारीक फोड आणि तीन दिवसांहून अधिक मुक्काम असेल, तर कॅन्डिडा या बुरशीचा संशय घ्यावा. प्रतिजैविकांच्या वापरानंतर ती बळावते. उपचारांना न जुमानणाऱ्या पुरळात सोरायसिस, गुदाभोवतीचा स्ट्रेप्टोकॉकस जीवाणूंचा संसर्ग, तसेच तोंडाभोवती व हातापायांवरही चट्टे असल्यास जस्ताची न्यूनता पाहावी लागते.

लंगोट वारंवार बदलणे, कोमट पाण्याने धुऊन त्वचा टिपून घेणे, काही वेळ उघडी ठेवणे आणि झिंक ऑक्साइडचा जाड थर, एवढ्यावर बहुतेकदा भागते. बुरशी असल्यास क्लोट्रिमॅझोल किंवा निस्टॅटिन देतात. बीटामेथासोन हे स्टेरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक एकत्र असलेली मलमे येथे वापरू नयेत. झाकलेल्या त्वचेत स्टेरॉइड जास्त शोषले जाते, त्वचा विरळ होते. फ्लोरिनयुक्त स्टेरॉइडांच्या वापरानंतर जांभळट गाठी उठल्याचेही आढळले आहे. टाल्कची पूड श्वासावाटे फुप्फुसांत जाऊ शकते, म्हणून तीही टाळतात.