मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती व शुल्क सवलत (महाराष्ट्र)

दहावीनंतरचे शिक्षण घेणाऱ्या आणि कौटुंबिक उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असलेल्या विद्यार्थ्यांचे शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क आणि काही अंशी निर्वाहाचा खर्च शासनाने उचलावा, यासाठी महाराष्ट्रात केंद्र व राज्य सरकारच्या अनेक योजना एकमेकींना लागून चालतात. महाविद्यालयाच्या कार्यालयात त्या ‘भारत सरकार शिष्यवृत्ती’, ‘फ्रीशिप’ आणि ‘ईबीसी’ अशा तीन सुटसुटीत नावांनी ओळखल्या जात असल्या, तरी त्यांचे उगम, त्यांची खाती आणि त्यांचे निकष वेगवेगळे आहेत. अनुसूचित जातींच्या योजना सामाजिक न्याय विभागाकडे, जमातींच्या आदिवासी विकास विभागाकडे, इतर मागास व भटक्या-विमुक्तांच्या बहुजन कल्याण विभागाकडे आणि खुल्या प्रवर्गातील आर्थिक दुर्बलांच्या प्रामुख्याने उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे आहेत.

या योजनांपैकी सर्वांत जुनी अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना दिलेल्या निवेदनात अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारी निधीची मागणी स्पष्टपणे मांडली होती आणि त्यातून वार्षिक तीन लाख रुपयांची तरतूद मंजूर झाली. स्वतः आंबेडकर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. संस्थानिकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली मदत सरकारच्या अंदाजपत्रकात आली, हा १९४४ चा खरा बदल होय. स्वातंत्र्यानंतर ही शिष्यवृत्ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली.

जातीऐवजी केवळ उत्पन्न पाहणारी सवलत महाराष्ट्रात १९५९ पासून रुजली. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री आणि बाळासाहेब देसाई शिक्षणमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागास पालकांच्या मुलांना फीमाफी देण्याचा निर्णय झाला आणि ‘ईबीसी’ (आर्थिकदृष्ट्या मागास वर्ग) ही तीन अक्षरे मराठी घरात कायमची आली. कोरडवाहू शेतकऱ्यांची मुले तालुक्याच्या महाविद्यालयापर्यंत पोहोचली, ती मोठ्या प्रमाणात या सवलतीमुळे. ग्रामीण महाराष्ट्रातील पहिल्या पदवीधर पिढीच्या आठवणींत हा शब्द म्हणूनच वारंवार येतो. त्या काळी महाविद्यालये बहुतांशी अनुदानित होती आणि फी शेकड्यांत मोजली जाई, त्यामुळे माफीचा बोजा सरकारला सहज पेलवत होता.

हे गणित १९८३ नंतर बदलले. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी व अन्य व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी दिली, आणि शिक्षणाचा खरा खर्च विद्यार्थ्याच्या फीमध्ये उतरला. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या उन्नीकृष्णन निकालात निम्म्या जागा शासकीय दराने व निम्म्या जादा शुल्काने भरण्याची योजना घालून दिली होती. म्हणजे सधन विद्यार्थ्याच्या पैशातून गरीब विद्यार्थ्याची जागा चालत असे. ऑक्टोबर २००२ मधील टी. एम. ए. पै प्रतिष्ठानच्या निकालाने ती योजना मोडीत निघाली. एका विद्यार्थ्याचा भार दुसऱ्यावर टाकता येणार नाही असे ठरल्यावर तो भार उचलायला सरकारखेरीज कोणी उरले नाही, आणि शिष्यवृत्तीचा मोठा हिस्सा संस्थांची फी भरण्यात जाऊ लागला. आजच्या योजनांकडे पाहताना ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते, कारण शिष्यवृत्तीच्या नावाने खर्च होणाऱ्या रकमेतून विद्यार्थ्याच्या हाती फार थोडे पडते.

खुल्या प्रवर्गातील उत्पन्नाधारित सवलतीचे नाव आता राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना असे आहे. एक लाख रुपयांवर अडकलेली वार्षिक उत्पन्नाची मर्यादा मराठा मोर्चांच्या काळात, ऑक्टोबर २०१६ मध्ये, सहा लाखांपर्यंत आणि पुढच्याच वर्षी आठ लाखांपर्यंत वाढवण्यात आली. व्यावसायिक अभ्यासक्रमांत निम्मे शिक्षण शुल्क व निम्मे परीक्षा शुल्क शासन भरते. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेश तसेच अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे या योजनेच्या बाहेर आहेत, आणि कुटुंबातील दोनच अपत्यांना लाभ मिळतो. याच उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, २०२४-२५ पासून, पूर्ण शिक्षण व परीक्षा शुल्काची माफी मिळाली. त्यासाठी दरवर्षी सुमारे ९०६ कोटी रुपयांचा वाढीव भार शासनाने मान्य केला. बारावीपर्यंत मुलींचे शिक्षण राज्यात १९८० च्या दशकापासूनच मोफत होते; त्यापुढची पायरी चढायला चाळीसएक वर्षे लागली.

‘पूर्ण माफी’ या शब्दांचा अर्थ मात्र जपून घ्यावा लागतो. शुल्क नियामक प्राधिकरण खासगी व्यावसायिक महाविद्यालयांची फी ठरवते, तेव्हा तीत शिक्षण शुल्काबरोबर विकास शुल्कही असते, आणि माफी फक्त शिक्षण व परीक्षा शुल्काला आहे. विकास शुल्क, अनामत, ग्रंथालय, गणवेश, वसतिगृह हे सारे पालकांकडेच राहते. प्रवेशाच्या खिडकीवर ‘मुलींना शिक्षण मोफत’ हे वाक्य ऐकवणारा पालक आणि पावतीपुस्तक पुढे करणारा लिपिक यांच्यात २०२४ च्या पावसाळ्यात जी हुज्जत ठिकठिकाणी झाली, तिचे मूळ इथे होते. दोघेही आपापल्या परीने बरोबर होते.

अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये असून ती २०१३ पासून हललेली नाही. या मर्यादेपलीकडील विद्यार्थ्यांना निर्वाह भत्ता मिळत नाही, परंतु राज्याच्या स्वतंत्र योजनेतून शुल्क मिळते. तिलाच फ्रीशिप म्हणतात. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मूळ योजनेची फेररचना करून पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांचा आराखडा मंजूर केला आणि खर्चाची वाटणी केंद्र ६० टक्के, राज्य ४० टक्के अशी ठरवली. तोवर ठरावीक ‘बांधील दायित्व’ राज्याने आधी पेलायचे आणि त्यावरचेच केंद्राने द्यायचे, अशी पद्धत होती. तीत अनेक राज्यांचा वाटा फुगत गेला आणि थकबाकी साचली. नव्या रचनेत राज्याचा हिस्सा आधी आणि केंद्राचा नंतर, तोही थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. त्यातील शुल्काची रक्कम मिळाल्यापासून सात दिवसांत महाविद्यालयात भरायची असते. ज्या घरात एवढी रक्कम एकाच वेळी खात्यावर कधी दिसलेली नसते, तिथे ती उसनवारीत किंवा दवाखान्यात जाण्याचा धोका उघड आहे. मग निकालपत्र वा शाळा सोडल्याचा दाखला अडवला जातो. दुसरीकडे, पूर्वी पैसा थेट संस्थांना जात असताना बोगस नावांवर शिष्यवृत्ती उचलल्याच्या तक्रारी झाल्या होत्या आणि त्यांच्या चौकशीसाठी राज्याला विशेष तपास पथक नेमावे लागले होते, हेही विसरता येत नाही.

भत्त्यांच्या दरांत बदल किती सावकाश होतो, हे आकडे शेजारी ठेवल्यावर कळते. २०१० च्या दरांनुसार चौथ्या गटातील, म्हणजे अकरावी-बारावीसारख्या अभ्यासक्रमांतील, घरून ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला दरमहा २३० रुपये मिळत. दहा महिन्यांचे २,३०० रुपये होतात. फेररचनेनंतर त्याच विद्यार्थ्याला वर्षाला २,५०० रुपये मिळतात. पहिल्या गटातील, म्हणजे वैद्यकीय-अभियांत्रिकीसारख्या व्यावसायिक अभ्यासक्रमांतील, वसतिगृहवासी विद्यार्थ्याचा भत्ता दरमहा १,२०० वरून वार्षिक १३,५०० रुपये झाला. दशकभरात भाजीचा, खाणावळीचा आणि एसटीच्या पासाचा दर किती चढला, हे वेगळे सांगायला नको.

अर्जाची वाट आता ‘महाडीबीटी’ या एकाच संकेतस्थळावरून जाते. याआधी ‘ई-स्कॉलरशिप’ नावाची वेगळी व्यवस्था होती. नव्या संकेतस्थळाच्या पहिल्या वर्षी, २०१७-१८ मध्ये, ते चालेना म्हणून अर्ज पुन्हा कागदावर घ्यावे लागले होते. विद्यार्थी आधार क्रमांकाने नोंदणी करतो आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी जात वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका, प्रवेशाचे वाटपपत्र, फीची पावती, शिक्षणात खंड असल्यास त्याचे प्रतिज्ञापत्र असे सारे स्कॅन करून जोडतो. अर्ज प्रथम महाविद्यालयातील लिपिकाच्या लॉगिनला, तिथून प्राचार्यांकडे आणि पुढे जिल्ह्याच्या सहायक आयुक्तांकडे किंवा संबंधित संचालनालयाकडे जातो. कुठेही त्रुटी निघाली की तो विद्यार्थ्याकडे परत येतो. याला सगळे ‘सेंड बॅक’ म्हणतात. शिधापत्रिकेवरचे नाव आणि आधारवरचे नाव यांतला एका अक्षराचा फरक, किंवा मार्चअखेर मुदत संपलेला उत्पन्नाचा दाखला, एवढे कारण त्याला पुरते. मंजुरीनंतरही पैसा येतो तो आधारशी जोडलेल्या खात्यात. दोन बँकांत खाती असतील, तर आधारजोडणी ज्या खात्याशी शेवटी झाली तिथे रक्कम पडते, आणि विद्यार्थी दुसऱ्याच पासबुकात ती शोधत राहतो.

उत्पन्नाचा दाखला हा या साऱ्या व्यवस्थेचा कणा आणि तिची दुबळी बाजूही. नोकरदाराचे उत्पन्न आयकराच्या कागदावर रुपया-रुपयाने नोंदलेले असते. शेतकऱ्याचे, फेरीवाल्याचे किंवा मजुराचे उत्पन्न तलाठ्याच्या अहवालावर आणि स्वयंघोषणेवर ठरते. कारखान्यात कायम असलेल्या कामगाराचा मुलगा अडीच लाखांच्या रेषेपलीकडे ढकलला जातो आणि त्याच्याहून बऱ्या स्थितीतले एखादे घर रेषेच्या आत बसते, अशी उदाहरणे प्रत्येक महाविद्यालयात सापडतात. मर्यादा ही सरळ रेषा असल्यामुळे तिच्यापुढे एक हजार रुपये गेलेल्या कुटुंबाला भत्त्यातून काहीच मिळत नाही.

फीखेरीजच्या खर्चासाठी राज्याने २०१६-१७ पासून काही योजना आणल्या. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि अल्पभूधारक व नोंदणीकृत मजुरांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना त्यांत येतात; इतर मागास प्रवर्गासाठीची ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना त्यानंतरची आहे. स्वाधारमध्ये मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. त्यांतले ३२,००० भोजनाचे, २०,००० निवासाचे आणि ८,००० निर्वाहाचे. इतर महापालिका क्षेत्रांत ही रक्कम ५१,००० आणि अन्य जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० आहे. तालुक्याच्या ठिकाणांचा समावेश नंतर झाला. वैद्यकीय व अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना शैक्षणिक साहित्यासाठी वर ५,००० रुपये मिळतात. विद्यार्थी त्या गावचा रहिवासी नसावा, मागील परीक्षेत किमान ५० टक्के गुण असावेत आणि ७५ टक्के उपस्थिती राहावी, अशा अटी आहेत.

गुणवत्ता आणि गरज दोन्ही पाहणारी केंद्राची महाविद्यालयीन शिष्यवृत्ती वेगळी आहे आणि तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करावा लागतो. बारावीला आपल्या मंडळात ८० व्या शतमकाच्या (पर्सेंटाइलच्या) वर असलेल्या आणि साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांसाठी देशभरात दरवर्षी ८२,००० नव्या शिष्यवृत्त्या असून त्यांतल्या निम्म्या मुलींसाठी राखीव आहेत. पदवीची तीन वर्षे दरसाल १२,००० आणि पदव्युत्तर स्तरावर २०,००० रुपये मिळतात. मात्र ही शिष्यवृत्ती घेणाऱ्याला दुसऱ्या कोणत्याही शिष्यवृत्तीचा लाभ घेता येत नाही, त्यामुळे राज्याच्या फीसवलतीला पात्र असलेल्या विद्यार्थ्याला अर्ज भरण्याआधीच दोहोंचा हिशेब मांडावा लागतो. फी मोठी असलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमात राज्याची सवलत जास्त किफायतशीर ठरते, तर अनुदानित महाविद्यालयातील बी. ए. किंवा बी. एस्सी.च्या विद्यार्थ्याला केंद्राची रोख रक्कम अधिक उपयोगी पडते.