वॉर्डचे दार

स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाचा इतिहास बहुतेकदा पहिल्या पदव्यांच्या सनावळीने सांगितला जातो. त्यात १८४९ सालच्या एलिझाबेथ ब्लॅकवेल यांचे नाव अर्थातच आघाडीवर. पण अमेरिकेत एम.डी. झाल्यावर त्यांचे काय झाले, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. प्रत्यक्ष रोग्यांमधला अनुभव हवा म्हणून त्या पॅरिसच्या ‘ला मातेर्निते’ प्रसूतिगृहात गेल्या, तर तिथे पदवीधर डॉक्टरला शिकाऊ सुईणींबरोबर राहावे लागले. एका बाळाच्या डोळ्यांवर उपचार करताना त्यांनाच संसर्ग झाला, एक डोळा गेला आणि सर्जन होण्याची आशाही मावळली.

खरी अडवणूक इथे होती. वर्ग वेगळे भरवता येतात. रोग्याच्या खाटेशी उभे राहिल्याशिवाय मात्र डॉक्टर घडत नाही. फिलाडेल्फियात १८५० मध्येच खास स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय निघाले होते. (पुढे १८८६ मध्ये आनंदीबाई जोशी तिथूनच एम.डी. झाल्या.) तरीही १८६९ मध्ये तिथल्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये रोगी दाखवून दिल्या जाणाऱ्या व्याख्यानाला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली. त्याच वर्षी एडिनबरा विद्यापीठाने सोफिया जेक्स-ब्लेक आणि त्यांच्या सहकारी विद्यार्थिनींना प्रवेश दिला. १८ नोव्हेंबर १८७० रोजी शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेला जाताना जमावाने त्यांच्यावर चिखल फेकला, तोंडावर फाटक लावून घेतले. परीक्षा त्यांनी दिली. पदवी मात्र विद्यापीठाने दिली नाही.

स्त्रियांनी स्वतःची रुग्णालये काढली, त्यामागे रुग्णसेवेइतकीच ही शिकण्याची निकडही होती. ब्लॅकवेल भगिनींनी १८५७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये गरीब स्त्रिया व मुलांसाठी दवाखाना उघडला, तिथे तरुण स्त्री-डॉक्टरांना हात बसवता आला.

लंडनमध्ये १८७४ मध्ये जेक्स-ब्लेक यांच्या पुढाकाराने स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा सुरू झाली. १८७६ च्या कायद्याने परीक्षा मंडळांना स्त्रियांना परवाना देण्याची मुभा मिळाली, सक्ती नव्हती. पण शाळेला रुग्णालयच नव्हते. अखेर १८७७ मध्ये रॉयल फ्री हॉस्पिटलने वॉर्ड खुले केले, तेही अटीवर: मुली आल्यामुळे देणगीदार दुरावले, तर ती तूट शाळेने भरून द्यायची.