नोकरी डॉक्टरांची, काम एनएचएसचं

ब्रिटनमधल्या प्रॅक्टिस नर्सेस, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातल्या नर्सेस, कामावर खूश आहेत का? काम आवडतं, पगाराचं मात्र बोलू नका, असाच त्यांचा एकंदर सूर असतो. याची मुळं १९४८ मध्ये सापडतात. त्या वर्षी ५ जुलैला एनएचएस, म्हणजे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली. इस्पितळं सरकारकडे गेली, पण फॅमिली डॉक्टर सरकारी नोकर व्हायला तयार नव्हते. ते स्वतंत्र कंत्राटदार राहिले आणि त्यांनी ठेवलेली नर्स त्यांचीच नोकर ठरली.

सुरुवातीला अशा नर्सेस थोड्याच होत्या. १९६६ च्या करारानंतर मदतनिसांच्या पगाराचा ७० टक्के भाग सरकार डॉक्टरांना परत देऊ लागलं, तेव्हा नर्स ठेवणं परवडायला लागलं. (आपल्याकडे अशी सोय नव्हती, दवाखाना कंपाउंडरवरच चालला.) पुढे १९९० मध्ये आरोग्यमंत्री केनेथ क्लार्क यांनी डॉक्टरांचा विरोध डावलून नवा करार लादला. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी ८० टक्के बायकांची झाली तर जास्त पैसे, ५० टक्क्यांना कमी, त्याखाली काही नाही. ही तपासणी करायची कुणी? नर्सनं. त्यांची संख्या झपाट्यानं वाढली.

खरी मेख २००४ ची. दवाखान्यांच्या कामाला गुण देणारी योजना आली, एकूण १,०५० गुणांची. डायबेटिसचा पेशंट आला की नर्स त्याला मोजे काढायला सांगते, तळव्याला नायलॉनचा बारीक धागा टेकवून ‘कळतंय का?’ विचारते, बीपी घेते, स्क्रीनवरच्या चौकटी भरते. त्या चौकटींचे गुण, आणि गुणांचे पैसे जातात दवाखान्याला. स्वतःचं क्लिनिक चालवायला मिळालं, जबाबदारी वाढली, याचं समाधान नर्सेसनी मुलाखतींत सांगितलं. वाढीव कमाई आपल्यापर्यंत पोचली नाही, हेही सांगितलं. मला ही तक्रार रास्त वाटते.

त्याच वर्षी एनएचएसच्या नर्सेसना देशभर एकच वेतनश्रेणी लागू झाली. प्रॅक्टिस नर्स तिच्या बाहेर राहिली, कारण तिचा मालक वेगळा. पगारवाढ किती, आजारपणात कायद्यापेक्षा जास्त काही मिळणार का, हे ज्या त्या दवाखान्यावर. २०१७ मध्ये इंग्लंडनं या नर्सेससाठी दहा कलमी योजना आणली, दीड कोटी पौंडांची, पण मालकी तशीच राहिली. २०२३ मध्ये संपांनंतर सरकारनं एकरकमी पैसे दिले, तेही वेतनश्रेणीतल्यांना. दवाखान्यांतल्या बहुतेक नर्सेसच्या हाती त्यातलं काही आलं नाही.