टायरनिवड, उंचावलेल्या ऑफ-रोड वाहनांची

ऑफ-रोड वाहनाची मूळ उंची वाढवल्यावर, म्हणजे लिफ्ट केल्यावर, त्याला मूळ मापापेक्षा मोठ्या व्यासाचे टायर बसवताना व्यास, रुंदी, बांधणी व भारक्षमता ठरवण्याची पद्धत. आधी गाडी उंच करायची आणि मग मावतील तेवढे मोठे टायर घालायचे, असा क्रम सर्रास दिसतो. तांत्रिकदृष्ट्या उलटा क्रमच योग्य. अखंड अ‍ॅक्सलच्या (दोन्ही बाजूंची चाके एकाच दांड्याने जोडलेल्या) गाडीत लिफ्टमुळे चौकट आणि बॉडी वर जाते, पण खडकाला सर्वांत आधी टेकणारा डिफरन्शियलचा (दोन्ही चाकांत ओढ वाटणाऱ्या गियरसंचाचा) गोळा होता तिथेच राहतो. त्याला वर उचलतो तो टायर, आणि तोही व्यासात झालेल्या वाढीच्या निम्म्याने. म्हणून टायर आधी ठरवावा आणि तो न घासता फिरेल इतकीच लिफ्ट करावी. गुरुत्वमध्य जितका खाली राहील, तितका आडव्या उतारावर गाडी कलंडण्याचा धोका कमी. स्वतंत्र सस्पेन्शनच्या (प्रत्येक चाक वेगळे वर-खाली होणाऱ्या) गाडीत डिफरन्शियल बहुधा चौकटीला बसवलेला असल्याने हा हिशेब थोडा बदलतो.

मोठे टायर बसवण्याच्या या प्रथेचे मूळ काही जण दुसऱ्या महायुद्धानंतर विक्रीस निघालेल्या लष्करी जीपांमध्ये शोधतात. परंतु त्या जीपला ६.००-१६ मापाचे अरुंद टायर असत. शेती-अवजारांचे रुंद, कमी हवेवर चालणारे टायर वाळवंटी गाड्यांना लावण्याची दक्षिण कॅलिफोर्नियातील चाल साधारणतः १९६०च्या दशकातली. तिच्यातून हा प्रघात वाढला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १९७६मध्ये बीएफगुडरिच या टायर कंपनीने ऑल-टेरेन रेडियल टायर बाजारात आणल्यावर रस्ता व रान दोन्हीकडे चालणारे मोठे टायर सामान्य वाहनधारकाच्या आवाक्यात आले. आइसलँडमध्ये बर्फावर चालण्यासाठी ३८ इंच व त्याहून मोठे टायर वापरतात आणि त्यांतली हवा २–३ पीएसआयपर्यंत (पाउंड प्रति चौरस इंच) उतरवतात.

मापाचे गणित उदाहरणाने स्पष्ट होते. २६५/७० आर१६ या टायरची रुंदी २६५ मिमी., साइडवॉलची उंची तिच्या ७० टक्के आणि रिम १६ इंच. व्यास सुमारे ७७७ मिमी. २८५/७५ आर१६ चा व्यास सुमारे ८३४ मिमी., म्हणजे बोलीभाषेतला ‘तेहेतीसचा टायर’ (३३ इंची). या बदलाने अ‍ॅक्सलखाली जेमतेम २८ मिमी. जागा वाढते. त्या बदल्यात स्पीडोमीटर १०० दाखवतो तेव्हा गाडी जवळपास १०७च्या वेगाने धावत असते. ४.१० चे अंतिम (अ‍ॅक्सलमधले) गियर गुणोत्तर ३.८२ असल्यासारखे वागते. चढावर इंजिन दमते आणि क्लच अधिक घासतो. मूळ ओढ परत हवी असेल तर साधारण ४.४०चे गुणोत्तर लागते. व्यवहारात उपलब्ध क्राउन-पिनियनपैकी (अ‍ॅक्सलमधल्या गियरजोड्यांपैकी) ४.५६चा संच निवडला जातो. ब्रेकवर पाय तितकाच दाबला तरी जमिनीवर मिळणारे ब्रेकबल सुमारे ७ टक्क्यांनी घटते, आणि चाक जड झाले असेल तर थांबण्याचे अंतर आणखी वाढते. गियरचा खर्च आधी विचारणारे पुष्कळ असतात, ब्रेकचा विचार करणारे थोडे. खरे तर क्रम उलटा हवा.

रुंद की अरुंद, हा वाद जुना आहे. ५०० किग्रॅ. भार पेलणाऱ्या टायरमध्ये ३० पीएसआय हवा असेल तर जमिनीशी संपर्क ढोबळमानाने २३५ चौ. सेंमी. असतो, हवा १५ वर आणली की तो जवळपास दुप्पट होतो. हे क्षेत्र मुख्यतः भार आणि हवेच्या दाबावर ठरते. रुंदीने त्याचा आकार बदलतो. एम. जी. बेकर (चंद्रावर चाललेल्या वाहनाच्या विकासातही यांचा वाटा होता) यांनी १९५०च्या दशकात मांडलेल्या विवेचनानुसार, क्षेत्र समान असेल तर लांब व अरुंद संपर्काला मऊ जमिनीत आखूड व रुंद संपर्कापेक्षा कमी रोध होतो. व्यास वाढला की संपर्क लांबतो. उलट बाजूने, खोल वाळूत तरंगण्यासाठी रुंद टायरच हवेत, असे अनेक अनुभवी चालक सांगतात. वरचा चिखल कापून खालच्या कठीण थराला टेकायचे असेल तेथे अरुंद टायर सरस ठरतो, यावर मात्र फारसे दुमत नाही. एकंदरीत रुंदीपेक्षा व्यास आणि हवा कमी करण्याची मुभा यांना अधिक वजन द्यावे. हवा फार उतरवली तर वळणावर टायर रिमवरून निसटतो; त्यासाठी बीडलॉक (टायरची कड आवळून धरणारी) रिम वापरतात.

टायर मावतो की नाही हे सपाट जागी उभ्या गाडीवर कळत नाही. पुढच्या एका बाजूची स्प्रिंग काढून चाक जॅकने बंपस्टॉपपर्यंत (चाकाची वरची हालचाल अडवणाऱ्या ठोकळ्यापर्यंत) वर न्यावे आणि स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवावे. घासण्याच्या खुणा फेंडरच्या आतील अस्तरावर, बंपरच्या मागच्या कडेवर किंवा कंट्रोल आर्मवर (चाक चौकटीला जोडणाऱ्या दांड्यावर) उमटतात. ऑफसेट (रिमच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठाचे अंतर) कमी करून चाक बाहेर काढल्यास आतले घासणे थांबते, पण बाहेरचे वाढते आणि बेअरिंगवर ताण येतो.

भारनिर्देशांक (टायर किती भार पेलतो हे सांगणारा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नसावा. स्टेपनीही त्याच मापाची हवी. कायम चारचाकी ओढ असलेल्या गाडीत एकच चाक लहान पडले तर मधला डिफरन्शियल तापून खराब होतो. मूळ जागी मोठी स्टेपनी अनेकदा मावत नाही, म्हणून तिला धरणारे कडे मागच्या दारावर किंवा बंपरवर घेतात.